शिक्रा, घार आणि पावशा

शहरातील एखाद्या वसाहतीत दुपारच्या शांततेत एकाएकी कोलाहल उठतो. खारी चिरचिरू लागतात, साळुंक्या कर्कशपणे ओरडतात, कावळे एका झाडाभोवती जमतात. कोणीतरी खिडकीतून पाहून म्हणते, 'घार आली असेल.' परंतु पुष्कळदा ती घार नसते. तो शिक्रा असतो.

घार ओळखणे अवघड नाही. दिल्ली, मुंबई, कोलकाता अशा नगरांच्या आकाशात ती पंख पसरून संथपणे घिरट्या घालीत असते. तपकिरी रंग, सुमारे दोन फूट लांबी आणि टोकाशी दुभंगलेली शेपटी ह्या तिच्या खुणा. शेपटी पुरी पसरली म्हणजे मधली खाच लोपते. म्हणून ती मिटलेली असताना पाहावी. समुद्राच्या वा तळ्याच्या काठी दिसणारी ब्राह्मणी घार पाठीने विटकरी, डोक्याने व छातीने पांढरी आणि गोलसर शेपटीची असते. गावाबाहेरच्या माळावर एकाच जागी पंख फडफडवीत अधांतरी थांबणारा, खांद्यावर काळा डाग असलेला करडा-पांढरा पक्षी म्हणजे कापशी.

शिक्रा ह्या सर्वांहून लहान, जेमतेम पारव्याएवढा. घार मोकळ्या आकाशात तरंगते. शिक्रा झाडांच्या दाटीत दबा धरून बसतो. त्याचे आखूड, गोलसर पंख आणि लांब शेपटी फांद्यांमधून झटकन वळण्यासाठीच घडलेली आहेत. चारदोन वेळा भरभर पंख मारावयाचे आणि मग तरंगत जावयाचे, अशी त्याची उडण्याची रीत आहे. पाठ राखी, पोटावर तांबूस आडव्या रेषा आणि गळ्यावर मधोमध एक पुसट उभी रेघ असते. प्रौढ नराचा डोळा लाल असतो. पिलाची पाठ तपकिरी असून त्याच्या छातीवर थेंबांसारखे उभे ठिपके असतात. सरडे, उंदीर, खारी आणि लहान पक्षी हे त्याचे भक्ष्य.

येथे एक बहुरूपी पाहणाऱ्याला चकवतो. पावसाळ्याच्या तोंडी 'पेर्ते व्हा' असा घोष करणारा पावशा रंगाने आणि उडण्याच्या ढबीने हुबेहूब शिक्र्यासारखा दिसतो. लहान पक्षीही त्याला पाहून भेदरतात. दुसऱ्यांच्या घरट्यांत अंडी घालणाऱ्या ह्या कोकिळाच्या भाऊबंदास हे सोंग उपयोगीच पडते. मात्र चोच आणि पाय पाहिले की सोंग उघडे पडते. शिक्र्याची चोच आकडीसारखी वळलेली आणि पायांना तीक्ष्ण नखे असतात. पावशाची चोच साधी, पाय दुबळे.

अशा ओळखीने साधते काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर गिधाडांच्या इतिहासात आहे. एके काळी शहरांच्या वेशीवर गिधाडांचे थवे बसत. १९९० नंतरच्या दशकात ती झपाट्याने नाहीशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या तर ९९ टक्क्यांहून अधिक घटली. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८० नंतरच्या दशकात गिधाडांची मोजदाद झालेली होती. म्हणूनच पुढील गणनेत ऱ्हास सिद्ध करता आला. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक ह्या वेदनाशामक औषधाचा अंश मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातो व त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. २००६ मध्ये भारताने गुरांसाठी त्या औषधाच्या वापरास बंदी केली. पण तोवर फार उशीर झाला होता.

शिक्रा आज सुदैवाने विपुल आहे. त्याचे काटक्यांचे ओबडधोबड घरटे उन्हाळ्यात आंब्यासारख्या दाट झाडावर असते आणि पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटण्याचा हंगामही तोच. घरटे कोणाचे हे जाणणारा माणूस कुऱ्हाड चार आठवडे थांबवू शकतो. ज्याचे नाव माहीत नाही, त्याचे नाहीसे होणेही ध्यानात येत नाही.