रिकामे देऊळ कानाला कसे कळते?

कर्जत तालुक्यातल्या मुलांना रब्बीतली रात्र नव्याने सांगायला नको. ज्या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्रीची असते, त्या आठवड्यात शाळूला पाणी द्यायला मध्यरात्री बॅटरी घेऊन निघावे लागते. बॅटरीच्या उजेडात समोरची दहा-पंधरा ताटे दिसतात आणि त्यांच्यापलीकडे सगळा काळोख. वारा आला की पाने सळसळतात. मध्येच कोठेतरी टिटवी ओरडते. शेत आपलेच, बांध रोजचाच, तरीही पाऊल क्षणभर थबकते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या अकरावीच्या वर्गातल्या एका मुलाने मला विचारले, “सर, मळ्यात भीती वाटते ते ठीक आहे. तिथे खरोखरच काही असू शकते. पण गेम खेळताना पडक्या देवळात शिरलो तरी तसेच होते. समोर काच आहे हे मला माहीत असते. मग अंगावर काटा का येतो?”

तास संपत आला होता. “मनाचे खेळ असतात,” असे म्हणून मी वेळ मारून नेली. हे उत्तर नव्हे, हे त्यालाही कळले आणि मलाही. त्या मुलाचे देणे या लेखात फेडतो.

ज्या खेळांत खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेऊन अद्भुत जगात हिंडतो, त्यांना रोल प्लेइंग गेम म्हणतात. त्यांतले राक्षस पुष्कळदा हास्यास्पदच असतात. राक्षस समोर आला की भीती कमी होते, हा अनुभव तुम्हीही घेतला असेल. खरी भीती तो येण्यापूर्वीची. ती निर्माण करण्यासाठी खेळ बनवणारे काही वाढवत नाहीत, उलट काढून घेतात. डोळ्यांना आणि कानांना मिळणारी माहिती ते कमी करतात. मात्र निसर्ग ती ज्या रीतीने कमी करतो, त्याच रीतीने ती कमी व्हावी लागते. भौतिकशास्त्राचा संबंध येतो तो येथे.

प्रथम डोळ्यांचे पाहू. बॅटरीचा उजेड अंतराच्या व्यस्त वर्गाच्या नियमाने कमी होतो. अंतर दुप्पट झाले तर प्रकाश चौथा हिस्सा, तिप्पट झाले तर नववा हिस्सा. १९९०च्या दशकातल्या ‘डायब्लो’ या खेळात तळघरात उतरलेल्या वीराभोवती उजेडाचे लहानसे वर्तुळ असे आणि बाकी सगळा अंधार. काही वस्तू अंगावर घेतल्या की हे वर्तुळ लहानमोठे होई. भीतीचे मोजमापच खेळणाऱ्याच्या हाती दिले होते म्हणा ना!

धुक्याचा नियम निराळा. समजा, धुक्यात दर दहा मीटरला प्रकाश निम्मा होतो. मग वीस मीटरवर पाव, पन्नास मीटरवर बत्तिसावा हिस्सा आणि शंभर मीटरवर हजारावा हिस्साही नीट उरत नाही. किरणोत्सर्गी पदार्थाच्या अर्धायुकालाचे गणित तुम्ही केले असेल, तर हे तेच गणित आहे, फक्त काळाच्या जागी अंतर. संगणकाच्या पडद्यावरचे धुके याच सूत्राने काढता येते. १९९९ साली आलेल्या ‘सायलेंट हिल’ या भयकथेच्या खेळात साऱ्या गावावर धुके पसरले होते. त्याचे एक कारण अगदी व्यावहारिक होते. त्या वेळच्या यंत्राला दूरवरची घरे आणि झाडे भराभर काढणे झेपत नसे, म्हणून ती धुक्याआड लपवली. यंत्राची अडचण झाकता झाकता तो खेळ त्या धुक्यासाठीच नावाजला गेला.

रात्रीचा रंग निळसर का दाखवतात? आपल्या दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. उजेडात शंकूच्या आकाराच्या पेशी काम करतात आणि त्यांच्यामुळे होणारी दृष्टी ५५५ नॅनोमीटरच्या पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वांत संवेदनशील असते. मंद प्रकाशात दंडाच्या आकाराच्या पेशी पुढे येतात, त्यांचे शिखर ५०७ नॅनोमीटरच्या जवळ, म्हणजे निळ्याकडे सरकलेले. म्हणून संध्याकाळी तांबडे फूल आधी काळवंडते आणि पाने मात्र उजळ वाटतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किंये यांनी एकोणिसाव्या शतकात हे नोंदवले. शिवाय दृष्टिपटलाच्या अगदी मधल्या भागात दंडपेशी नसतात. त्यामुळे अंधुक तारा त्याच्याकडे रोखून पाहिले की नाहीसा होतो आणि नजर किंचित बाजूला वळवली की परत दिसतो. अंधारात ‘काहीतरी’ नेहमी नजरेच्या कडेलाच दिसते, समोर पाहिले की नसते, त्यामागे हेही एक कारण आहे.

परंतु पडदा स्वतःच उजळलेला असतो. त्याच्याकडे पाहताना शंकुपेशींचे काम चालूच राहते. म्हणून पडद्यावरचा अंधार हा बराचसा रंगवलेला अंधार होय. ज्या मुलाने प्रश्न विचारला, त्याला खरे फसवले ते कानांनी.

कानांचे काम मोठे विलक्षण आहे. समजा, दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि सहा मीटर उंच असा दगडी सभामंडप आहे. त्याचे घनफळ ६०० घनमीटर. त्यात टाळी वाजवली तर तिचा आवाज भिंतींवर आपटत राहतो आणि हळूहळू विरतो. याला निनाद म्हणतात. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबीन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निनादाचा काळ काढण्याचे सोपे सूत्र शोधले. घनफळाला ०.१६ने गुणायचे आणि एकूण शोषणाने भागायचे. दगड त्याच्यावर पडलेल्या ध्वनीपैकी दोन टक्केच शोषतो असे धरू. आपल्या मंडपाच्या भिंती, फरशी आणि छत मिळून ४४० चौरस मीटर होतात. त्यांतले चार चौरस मीटर उघडे दार आहे असे समजा. दारातून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून त्याचे शोषण पूर्ण चार. उरलेल्या दगडाचे सुमारे ८.७. बेरीज १२.७. आता ६०० गुणिले ०.१६ म्हणजे ९६, त्याला १२.७ने भागा. उत्तर येते साडेसात सेकंद.

आता त्याच मंडपात साठ माणसे आणून बसवा. एका माणसाचे कपडे आणि शरीर मिळून सुमारे अर्धा चौरस मीटर शोषण होते, म्हणजे साठांचे तीस. भागाकार पुन्हा करा. निनाद सव्वादोन सेकंदांवर आला!

साडेसात आणि सव्वादोन. दगड तेच, दार तेच, फरक फक्त माणसांचा. हा फरक मोजायला कानाला सूत्र लागत नाही. नवरात्रात राशीनच्या जगदंबेच्या देवळात गेला असाल आणि एरवी एखाद्या शांत दुपारीही गेला असाल, तर तिथला आवाज दोन्ही वेळा निराळा वाटतो हे आठवेल. येथे आसपास कोणी नाही, हे डोळ्यांनी कोपरे तपासण्याआधीच कानाला कळते. खेळातल्या पात्राच्या पावलांना लांब निनाद जोडला, तर नेमका हाच निरोप पोहोचतो. समोर काच आहे हे बुद्धीला ठाऊक असते, पण कानाला काच दिसत नाही.

हा निनाद खेळात आणतात कसा? एक रीत फार सुरेख आहे. खऱ्याखुऱ्या वास्तूत जाऊन एक फुगा फोडतात आणि तो फटका विरेपर्यंत ध्वनिमुद्रित करतात. त्या मुद्रणात त्या वास्तूचा ठसा उमटलेला असतो. मग गणिताने तो ठसा दुसऱ्या कोणत्याही आवाजावर उमटवता येतो. बंद खोलीत मुद्रित केलेले पाऊल जणू त्या वास्तूतच पडल्यासारखे ऐकू येते.

आता दिशा. आवाज उजवीकडून आला तर तो उजव्या कानाला आधी पोहोचतो. दोन कानांतले अंतर सुमारे २० सेंटिमीटर आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर, म्हणजे हा फरक जास्तीत जास्त ०.६ मिलिसेकंदाच्या आसपास. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. पण बरोबर समोरचा आणि बरोबर पाठीमागचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी पोहोचतो. तेथे कानाच्या पाळीची वळणे उपयोगी पडतात, आणि तरीही शंका राहिली तर आपण मान वळवतो. हेडफोन लावून मान वळवली तर मात्र आवाजही मानेबरोबर वळतो आणि शंका तशीच राहते. २०१७ सालच्या ‘हेलब्लेड’ या खेळातली कुजबुज मानवी कानांच्या आकाराचे कान बसवलेल्या मायक्रोफोनने मुद्रित केली होती. हेडफोनवर ती अगदी मानेमागून आल्यासारखी वाटते.

खर्जातल्या घुमण्याचे कारण याच्याशीच जोडलेले आहे. १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी ३.४ मीटर असते. एवढ्या लांब तरंगापुढे आपले डोके ते काय! ध्वनी डोक्याला सहज वळसा घालतो, त्याची सावली पडत नाही, आणि घुमणे चहूकडून आल्यासारखे वाटते. येथे एक सावधगिरीची सूचना. १९ हर्ट्झच्या, कानाला जवळजवळ ऐकू न येणाऱ्या ध्वनीमुळे भुते दिसतात, असे तुम्ही कोठेतरी वाचाल. १९९८ साली इंग्लंडमध्ये एका प्रयोगशाळेतल्या पंख्यावरून ही कल्पना मांडली गेली. पुढे मुद्दाम खोली बांधून प्रयोग झाला, त्यात तिला आधार मिळाला नाही. शिवाय मोबाईलच्या इवल्याशा कर्ण्यातून १९ हर्ट्झ निघणारही नाहीत.

हे सगळे जमले, तरी एका चुकीने ते कोसळते. एका विद्यार्थ्याच्या मोबाईलवरचा खेळ मी पाहिला. अरण्य छान होते, पण घुबड ठराविक वेळाने, त्याच सुरात ओरडत होते. तिसऱ्या वेळी मुले हसू लागली. दिव्याच्या ज्योतीचेही तसेच आहे. ती नियमित लयीत लुकलुकली तर मोटारीच्या सिग्नलसारखी दिसते. अनियमित तरीही सलग असा बदल लागतो, आणि तो निर्माण करण्याची एक गणिती युक्ती केन पर्लिन यांनी १९८०च्या दशकात काढली. विजेचे पाहा. दूरच्या डोंगरावर वीज चमकते आणि त्याच क्षणी कडकडाट, असे दाखवणारे खेळ आहेत. एक किलोमीटर यायला आवाजाला जवळजवळ तीन सेकंद लागतात, हे आपल्या कानाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

आपल्याकडेही हे काम सुरू झाले आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या गटाने २०२० साली ‘राजी’ हा खेळ बाहेर काढला. राजी नावाची मुलगी हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत पुरातन महालांतून आणि मंदिरांतून फिरते. त्यात कथेचे काही भाग छायाबाहुल्यांच्या धर्तीवर दाखवले आहेत. छायाबाहुल्यांची परंपरा आपल्या महाराष्ट्रात सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावच्या ठाकर कलावंतांनी जपली आहे. कातड्याची बाहुली, तिच्यामागे दिवा आणि पुढे पडदा. बाहुली दिव्याकडे सरकवली की सावली मोठी होते आणि कडा पुसट होतात. समरूप त्रिकोणांचा हा नियम तुम्ही नववी-दहावीत शिकता.

मात्र शाळूच्या शेतातली मध्यरात्र मी अजून कोणत्याही खेळात पाहिलेली नाही. ती करून पाहायची असेल तर सामग्री हाताशी आहे. शाळा सुटल्यावर, बाके तशीच असताना, वर्गाच्या मधोमध एक फुगा फोडा आणि मोबाईलवर मुद्रित करा. दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या परवानगीने, मुलांनी भरलेल्या त्याच वर्गात, मोबाईल त्याच जागी ठेवून दुसरा फुगा फोडा. दोन्ही मुद्रणे डोळे मिटलेल्या मित्राला ऐकवा आणि वर्ग रिकामा कोणता ते विचारा. मग शाळूच्या फडात जाऊन तिसरा फुगा फोडा. तेथे आवाज परत पाठवायला भिंतच नाही, तेव्हा काय ऐकू येते ते वहीत लिहून ठेवा.