लोणारला जाताना आधी चढणीचा विचार

छत्रपती संभाजीनगरहून जालनामार्गे लोणार सुमारे दीडशे किलोमीटर आहे. उल्कापाताने बेसाल्ट खडकात घडलेले हे सरोवर, त्याभोवतीचे अभयारण्य आणि प्राचीन मंदिरे पाहण्याची ओढ अनेक ज्येष्ठांना असते. खाली सरोवराकाठी असलेल्या कमळजा देवीचे दर्शन घडावे, ही इच्छा तर असतेच. ती रास्त आहे. प्रश्न एवढाच, की उतरावे कुठवर?

विवराचा काठ तळापासून सुमारे 137 मीटर उंच आहे, म्हणजे चाळीसहून अधिक मजले. उतरताना दम लागत नाही, म्हणून धीर वाढतो. परंतु उतारावर गुडघ्यांवर अधिक भार येतो आणि परतीची चढण थकल्या अंगाने, वाढत्या उन्हात चढावी लागते. म्हणून निर्णय घरीच घ्यावा. दोन मजले न थांबता चढताना छातीत दडपण येत असेल किंवा बोलणे तुटावे इतका दम लागत असेल, तर खाली उतरू नये. हृदयविकार असल्यास जिना सहज चढता आला, तरीही आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे.

प्रवासात दर तासा-दीड तासाने गाडी थांबवून पाच मिनिटे चालावे. वारंवार लघवीला जावे लागेल या भीतीने पाणी पिणे सोडू नये. लघवीची गोळीही स्वतःहून बंद न करता तिची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. इन्सुलिन तापलेल्या गाडीत ठेवू नये. शक्य असल्यास लोणारला मुक्काम करून सकाळच्या गारव्यात उतरावे. पायांत घट्ट बसणारे बूट आणि हातात काठी असावी. उतरताना सोबत्याने एक पायरी पुढे राहावे. मधुमेहींनी खिशात साखर ठेवावी.

छातीत दुखणे, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, थंड घाम, भोवळ यांपैकी काहीही जाणवल्यास तेथेच बसावे आणि 108 क्रमांकावर कळवावे. 'थोडेच उरले आहे' म्हणून चढत राहू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. वडीलधारे काठावर थांबणार असतील, तर त्यांना गाडीत एकटे बसवून सर्वांनी खाली जाऊ नये. कोणीतरी त्यांच्याजवळ सावलीत बसावे. संपूर्ण सरोवर एका नजरेत दिसते ते काठावरूनच, आणि देवीला तेथूनही हात जोडता येतात.