पंच्याऐंशी खिळ्यांची लिपी

उमेदीची वर्षं माझी छापखान्यात खिळे जुळवण्यात गेली. मराठी खिळ्यांचा केस, म्हणजे खणांची पेटी, ज्याने हाताळली त्यालाच ते प्रकरण ठाऊक: काने, मात्रा, रफार, अर्धी अक्षरं, सगळ्यांची घरं वेगळी, आणि ऐन वेळी 'क्ष' संपला की काम अडलं. अमेरिकेतल्या चेरोकी लोकांची अख्खी लिपी पंच्याऐंशी खिळ्यांत भागते हे कळलं आणि मी त्यांच्या मागेच लागलो.

आजच्या जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना भागातल्या डोंगरांत त्यांची गावं होती. कुळं सात, आणि मूल आईच्या कुळाचं. त्यांच्यातल्या सिक्वोया नावाच्या चांदीकाम करणाऱ्या माणसाला इंग्रजी वाचताही येत नव्हतं. गोरे कागदावरून बोलतात, मग आपण का नाही, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. आधी शब्दागणिक एक खूण करून पाहिली, ते आवरेना. मग त्याने बोलण्यातले उच्चार सुटे केले आणि एकेकाला एक अक्षर दिलं. आपल्याकडे 'क' ओळखला की 'की', 'कू' आपोआप लागतात. इथे प्रत्येकाचा चेहरा स्वतंत्र. काही आकार इंग्रजीवरून घेतलेले, पण आवाज भलतेच: डब्ल्यूसारखं दिसतं ते 'ला', आरसारखं ते 'ए'. लोकांना आधी ही चेटूकविद्या वाटली. पण १८२१च्या सुमारास लिपी पुरी झाली आणि थोड्याच वर्षांत घरोघर वाचणारे तयार झाले.

२१ फेब्रुवारी १८२८ रोजी न्यू इकोटा या त्यांच्या राजधानीत 'चेरोकी फिनिक्स' हे वृत्तपत्र निघालं, इंग्रजी आणि चेरोकी दोन्ही भाषांत. खिळे बोस्टनहून ओतून आणलेले. तेवढ्यात जॉर्जियात सोनं सापडलं. १८३०मध्ये मूळ रहिवाशांच्या हकालपट्टीचा कायदा झाला. १८३२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कौल चेरोकींच्या बाजूने दिला, पण तो अमलात आणणार कोण? पत्र १८३४मध्ये बंद पडलं, पुढल्या वर्षी जॉर्जियाच्या शिपायांनी छापखानाच उचलून नेला. विसाव्या शतकातल्या उत्खननात तिथल्या मातीत शिशाचे खिळे निघाले. पत्राचे पहिले संपादक एलायस बुडिनो यांनी १८३५मध्ये जमीन सोडण्याच्या करारावर सही केली. चेरोकींचे प्रमुख जॉन रॉस यांचा त्याला विरोध होता. १८३९मध्ये बुडिनोंना स्वकीयांनीच ठार केलं. करार मूठभरांचा, पण १८३८मध्ये सैनिकांनी सुमारे सोळा हजार लोकांना घराबाहेर काढून आजच्या ओक्लाहोमाकडे नेलं. चारेक हजार दगावले असं साधारण मानतात. 'अश्रूंची वाट' म्हणतात त्या या प्रवासात श्रीमंत चेरोकींचे काळे गुलामही चालले होते. चेरोकींचं कौतुक करताना आपण हे सोयीने विसरतो.

काही जण मात्र नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातच राहिले. त्यांच्यातला आयुनिनी हा वैदू. इंग्रजी शून्य, पण त्याच्याजवळ २४० पानांची एक छोटी वही होती, निम्मी भरलेली, सिक्वोयाच्या अक्षरांत. संधिवातावरचे मंत्र, शिकारीचे, प्रेमाचे, चेंडूच्या खेळाचे. जेम्स मूनी या संशोधकाने ती मिळवली आणि तिच्या आधारे १८९१मध्ये चेरोकी मंत्रांचा ग्रंथ छापला. परक्यांनी लादलेल्या शिक्षणाने जे गुपित उजेडात आलं नसतं, ते घरच्या लिपीने जपून ठेवलं, असं मला वाटतं.

या मंत्रांमागची कथा अशी. माणसं माजली, वाटेल तशी शिकार करू लागली, तेव्हा प्राण्यांच्या सभा भरल्या. हरणांनी ठरवलं, क्षमा न मागता आमचा जीव घेणाऱ्याला संधिवात होईल. माशांनी वाईट स्वप्नं पाठवली. कीटकांनी तर रोगांची यादीच सुरू केली. मग झाडंझुडपं पुढे आली: तुम्ही रोग द्या, औषध आम्ही देऊ. मंत्रांत चार दिशांना चार रंग येतात: पूर्व तांबडी, उत्तर निळी, पश्चिम काळी, दक्षिण पांढरी. काळी म्हणजे मृत्यूची.

ओक्लाहोमात टालेक्वा इथे २००१पासून मुलांना चेरोकीतूनच शिकवणारी शाळा चालते. २०१०मध्ये ही लिपी आयफोनवर आली. जन्मापासून भाषा बोलणारे २०१९मध्ये दोनेक हजार उरले होते, त्यात म्हातारेच जास्त. पण ती मुलं आजीला त्याच पंच्याऐंशी अक्षरांत निरोप धाडू शकतात, आणि खिळा संपायची भीती आता कुणालाच नाही.