शेवाळाने पाडले, शेवाळाने सावरले

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मागच्या अंगणात शेवाळावरून पाय घसरला. पडताना उजवा हात टेकला आणि मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. "बोटे मात्र हलवत राहा," असे डॉक्टरांनी बजावले होते. पण दुखते म्हणून मी हात गळ्यात अडकवून स्वस्थ बसले. ही चूक महागात पडली. प्लास्टर निघाले तेव्हा मूठ वळेना, पोळी लाटता येईना, साडीला पिन लावता येईना.

कोमट पाण्यात बोटे उघडणे-मिटणे, अंगठा प्रत्येक बोटाला टेकवणे असे व्यायाम सुरू झाले. पण पाच मिनिटांत कंटाळा यायचा. "काकू, हाताला आवडीचे काही काम द्या," व्यायाम शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या.

दिवाळीनंतर नातीबरोबर रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावर गेले. लाटांनी टाकलेले शेवाळ, मर्यादवेलीची गळलेली पाने, सुरूच्या काड्या असे पिशवीभर घरी आणले आणि चित्रे करू लागले.

कृती सोपी आहे. पसरट ताटात समुद्राचेच पाणी घ्यावे. त्यात शेवाळ तरंगत ठेवून खालून जाड कागद सरकवावा. बारीक कुंचल्याने एकेक फांदी पसरावी आणि कागद अलगद उचलून पाणी निथळू द्यावे. वर मलमलीचे फडके, खाली-वर वर्तमानपत्रे आणि त्यावर वजन ठेवावे. बरेचसे शेवाळ स्वतःच्याच चिकाने कागदाला धरते, डिंक लागत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. वर्तमानपत्रे रोज बदलावी लागतात, नाहीतर बुरशी धरते. म्हणजे एकही दिवस सुटी नाही! जो व्यायाम मी टाळत होते, तोच कुंचला धरताना, फडके पिळताना रोज घडू लागला. ताईंनी सांगितलेले व्यायामही चालूच ठेवले. चार महिन्यांनी पोळी गोल होऊ लागली.

वाचकहो, काही पथ्ये मात्र पाळा. हाताला काम देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. सूज वाढली, आग होऊ लागली, बोटांना मुंग्या आल्या किंवा रंग बदलला, तर थांबा आणि लगेच हात दाखवा. वाळूत रुई असते, तिचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. निळसर फुग्यासारखा जीव दिसला तर हात लावू नका. मेलेला असला तरी तो डंख करतो. खडकावरचे जिवंत शेवाळ ओरबाडू नका, आणि मालवणच्या सागरी अभयारण्यातून काहीच उचलू नका.

पन्नाशीनंतर स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात. म्हणून अंगण घासून कोरडे ठेवा. आणि हाड मोडलेच, तर पहिल्या दिवसापासून बोटे हलवा. मी हलवली नाहीत, म्हणून सांगते.