घरगुती वेल्डिंगसाठी परवडणाऱ्या हेल्मेटची निवड : एक विवेचन

बीजसंज्ञा : वितळजोडकाम, शेड क्रमांक, जंबुपार किरण, स्वयंचलित काच, नेत्रसुरक्षा

प्रास्ताविक

इन्व्हर्टर पद्धतीची लहान यंत्रे सर्वत्र मिळू लागल्यापासून वितळजोडकाम, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले वेल्डिंग, हे फॅब्रिकेशनच्या दुकानापुरते मर्यादित राहिलेले नाही. घरातील साध्या सिंगल फेज विजेवर चालणारे, एका हाताने उचलता येणारे यंत्र आणून गच्चीवर कुंड्यांचे स्टँड, पुस्तकांचे रॅक, फाटकाची बिजागरी असली कामे हौसेने करणारा एक वर्ग तयार झाला आहे. त्यात आपल्या प्राध्यापकबांधवांची संख्याही अगदीच नगण्य नाही. हा वर्ग यंत्राच्या अँपिअरची, रॉडच्या जाडीची चौकशी बारकाईने करतो. हेल्मेटचा विचार मात्र शेवटी, उरलेल्या पैशांत आणि बहुधा दुकानदाराच्या सल्ल्याने केला जातो. पुष्कळदा यंत्राबरोबर फुकट मिळालेल्या, हातात धरायच्या काचेवरच भागवले जाते.

प्रस्तुत लेखकाने तेच केले होते. गच्चीवर एका दुपारी आठ-दहा टाके घातले. एका हातात काच, दुसऱ्या हातात होल्डर. रॉड नेमका कोठे टेकतो आहे ते काळ्या काचेतून दिसेना, म्हणून प्रत्येक वेळी काच किंचित खाली घेऊन ठिणगी पाडली आणि मग काच वर घेतली. एकूण उघडी नजर गेली असेल ती फार तर काही सेकंद. संध्याकाळपर्यंत कसलाही त्रास नव्हता. मध्यरात्रीनंतर मात्र डोळ्यांत मूठभर वाळू गेल्यासारखे खुपू लागले, पाण्याच्या धारा लागल्या आणि दिव्याकडे पाहवेना. कारागीर मंडळी याला ‘वेल्डिंग लागले’ असे म्हणतात. सुमारे दीड दिवसात त्रास ओसरला. परंतु हेल्मेट या वस्तूकडे अभ्यासाच्या दृष्टीने पाहण्याची बुद्धी त्या रात्री झाली.

प्रज्योत आणि डोळा

विद्युत प्रज्योतीतून एकाच वेळी तीन प्रकारचे प्रारण बाहेर पडते : डोळ्यांना दिसणारा तीव्र प्रकाश, जंबुपार (अतिनील) किरण आणि अवरक्त किरण. जंबुपार किरण बुबुळावरील पारदर्शक पडद्याच्या वरच्या थरात शोषले जातात व तेथील पेशींना इजा करतात. ही इजा त्याच क्षणी जाणवत नाही; साधारणपणे सहा ते बारा तासांनी वेदना सुरू होतात. काम करताना ‘काही होत नाही’ असा जो समज होतो त्याचे कारण हेच. पेशी नव्याने तयार होत असल्याने हा त्रास बहुधा एक-दोन दिवसांत बरा होतो. मात्र डोळे बधिर करणारे थेंब घरी आणून वारंवार घालणे घातक आहे, कारण त्यामुळे जखम भरून येण्यास अडथळा होतो. दृश्य प्रकाशातील निळा भाग थेट दृष्टिपटलापर्यंत पोहोचतो व तेथील इजा कायमची ठरू शकते. अवरक्त किरणांचा परिणाम अनेक वर्षांच्या संपर्कातून मोतीबिंदूच्या रूपाने दिसतो.

हेल्मेटच्या काचेला या तिन्ही गोष्टी करावयाच्या असतात. परंतु त्यांपैकी डोळ्यांना ‘दिसते’ ती एकच, आणि खरेदीतील सारा घोळ येथूनच सुरू होतो.

शेड क्रमांकाचा अर्थ

काचेवरील ९, १०, ११ हे आकडे सरळ प्रमाणात वाढत नाहीत. त्यांचे मोजमाप लॉगॅरिदमवर आधारलेले आहे. क्रमांक एकने वाढला की पलीकडे जाणारा दृश्य प्रकाश आधीच्या सुमारे ३७ टक्के उरतो. सात पायऱ्या चढल्या की तो बरोबर हजारपटीने घटतो. शेड १० मधून सुमारे ०.०१४ टक्के, म्हणजे साधारण सात हजारावा हिस्सा प्रकाश येतो, तर शेड ३ मधून सुमारे १४ टक्के. आता असे पाहा, की बाजारातील नेहमीचा काळा गॉगल अंदाजे शेड ३ च्याच आसपास असतो. रस्त्याकडेला गॉगल लावून ग्रिल जोडणारा कारागीर, शेड १० ची काच वापरणाऱ्यापेक्षा हजारपट प्रकाश डोळ्यांत घेत असतो.

घरगुती कामात बहुधा २.५ किंवा ३.१५ मिलिमीटरचा रॉड आणि ६० ते १३० अँपिअरचा प्रवाह असतो. अमेरिकेतील ओशा या व्यावसायिक सुरक्षा यंत्रणेच्या तक्त्यात रॉडच्या वेल्डिंगसाठी ६० ते १६० अँपिअरला किमान शेड ८ सांगितली आहे. व्यवहारात १० किंवा ११ सुखाची ठरते. ‘जितकी काळी तितकी सुरक्षित’ हा समज मात्र सोडून द्यावा. फार काळ्या काचेतून वितळलेल्या धातूचे तळे दिसत नाही, म्हणून माणूस मान पुढे काढतो, धुराच्या लोटात तोंड घालतो आणि शेवटी काच वर करून पाहतो.

आपोआप काळी होणारी काच

ठिणगी पडताच स्वतः काळी होणारी काच स्वीडनमधील हॉर्नेल कंपनीने १९८१ साली ‘स्पीडग्लास’ या नावाने बाजारात आणली. तिची रचना थरांची आहे. बाहेरच्या बाजूस जंबुपार व अवरक्त किरण अडवणारा गाळक थर, त्यामागे ध्रुवक पट्ट्यांमध्ये बसवलेले द्रव स्फटिकांचे कप्पे, आणि कडेला प्रकाश ओळखणारे संवेदक. विश्रांत अवस्थेत काच शेड ३ किंवा ४ इतकी फिकट असते. संवेदकाला प्रज्योत जाणवली की द्रव स्फटिकांवर विद्युतदाब येतो आणि काच ९ ते १३ पर्यंत काळी होते.

येथे एक गोष्ट अधोरेखित करावीशी वाटते. जंबुपार व अवरक्त किरण अडवणारा थर बॅटरीवर अवलंबून नसतो. योग्य बनावटीच्या काचेत तो फिकट अवस्थेतही, बॅटरी संपलेली असतानाही, तितकेच काम करतो. म्हणजे काच काळी व्हायला चुकली, तर दृश्य प्रकाशाचा झगमगाट सोसावा लागेल आणि तो टाळलाच पाहिजे. पण मध्यरात्रीची वाळू त्यातून येणार नाही. बदलाच्या वेगाचेही तसेच. जाहिरातीत सेकंदाचा दहा हजारावा भाग की पंचवीस हजारावा भाग, यावर किमती चढतात. पापणी मिटायला सुमारे एक दशांश सेकंद लागतो. म्हणजे मंद समजली जाणारी काचही पापणीपेक्षा हजारपट चपळ असते. दिवसभर शेकडो टाके घालणाऱ्या व्यावसायिकाला तो फरक थकव्याच्या रूपाने जाणवेल. रविवारी दोन तास काम करणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

मग साधी काळी काच बसवलेले स्वस्त हेल्मेट का नको? संरक्षणाच्या दृष्टीने ते कमी नाही; प्रमाणित काच असेल तर ते उत्तमच आहे. अडचण वापरणाऱ्याची आहे. मानेच्या झटक्याने हेल्मेट खाली पाडायचे आणि त्याच क्षणी रॉड नेमक्या जागी टेकवायचा, हे कसब यायला महिने लागतात. हौशी माणूस तोपर्यंत उघड्या डोळ्यांनी ठिणगी पाडत राहतो. स्वयंचलित काचेत ठिणगीपूर्वीही समोरचे दिसते, त्यामुळे हेल्मेट वर करण्याचा मोहच राहत नाही. नवशिक्याने स्वयंचलित हेल्मेटसाठी पैसे मोजावेत असे मी म्हणतो ते या एका कारणासाठी.

तपासता येणारे आणि न येणारे

दुकानात हेल्मेट तपासण्याच्या दोन-तीन रीती प्रचलित आहेत. लायटरची ठिणगी पाडून दाखवतात. काही काचा दूरदर्शनच्या रिमोटच्या स्पंदनांनीही काळ्या होतात. विक्रेता हे मोठ्या आत्मविश्वासाने करतो व गिऱ्हाईक समाधानाने पैसे देते. परंतु यातून सिद्ध होते ते इतकेच, की संवेदक जागे आहेत. जंबुपार आणि अवरक्त किरण अडतात की नाही, याचा त्यातून काहीही बोध होत नाही. निवडीतील खरी गोम ही आहे : काउंटरवर जे दाखवता येते तो सोयीचा भाग, आणि ज्यावर डोळा अवलंबून आहे तो थर तेथे दिसत नाही.

म्हणून खुणा वाचाव्या लागतात. त्या खोक्यावर नव्हे, तर काचेच्या चौकटीवर असाव्यात. युरोपीय ईएन ३७९ या मानकाची खूण १/१/१/२ अशा चार अंकांत असते : प्रतिमेची स्पष्टता, प्रकाशाचे विखुरणे, काळेपणातील एकसारखेपणा आणि तिरप्या नजरेतून होणारा बदल. १ म्हणजे उत्तम, ३ म्हणजे कनिष्ठ. या मानकाची जागा आता आयएसओ १६३२१ ही मालिका घेत आहे. तरी बाजारातील पुष्कळ काचांवर जुनीच खूण आढळते. अमेरिकी मालावर झेड८७ असे लिहिलेले असते. आपल्याकडे वेल्डिंगच्या वेळच्या डोळे व चेहरा यांच्या संरक्षणसाधनांसाठी आयएस ११७९ हे मानक आहे. यांपैकी एकही खूण, निर्मात्याचे नाव आणि माहितीपत्रक नसलेली काच कितीही चपळाईने काळी झाली तरी घेऊ नये. नुसती ‘सीई’ ही दोन अक्षरे कोणीही छापू शकतो.

महाविद्यालयात काम करणाऱ्यांना एक जादा सोय आहे. रसायनशास्त्र विभागातील जंबुपार-दृश्य वर्णपटमापी बहुधा २०० ते ११०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंत मोजतो. काचेची चौकट नमुन्याच्या कप्प्यात मावली, अथवा झाकण काढून काळ्या कापडाने आच्छादन करता आले, तर फिकट अवस्थेतील आलेख काढून पाहावा. ४०० नॅनोमीटरच्या खाली आणि ७८० च्या वर वक्र तळाला टेकलेला दिसावयास हवा. काळ्या अवस्थेत मात्र हे यंत्र फारसे उपयोगी नाही. शेड १० ची शोषकता सुमारे ३.८६ येते आणि इतक्या उंचीवर सामान्य उपकरणात भटक्या प्रकाशामुळे वाचन बिघडते. ही तपासणी प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही. उघडउघड बनावट काच तेवढी पकडता येईल. नोटा तपासण्याच्या जंबुपार दिव्याने केलेली परीक्षा याहून तोकडी आहे, कारण ती एकाच तरंगलांबीची असते व साधे पॉलिकार्बोनेटही तीत उत्तीर्ण होऊ शकते.

दोन हजारांच्या आत

हजार ते दोन हजार रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या स्वयंचलित हेल्मेटांत खरा फरक कोठे पडतो? माझ्या मते सर्वांत आधी डोक्यावरच्या पट्ट्यात. स्वस्त हेल्मेटचा दात्यांचा आवळपेच लवकर झिजतो, मग हेल्मेट नाकावर घसरते आणि माणूस ते एका हाताने धरून काम करू लागतो. दुकानात ते पाच मिनिटे घालून, मान खालीवर करून पाहावे. दुसरे, बॅटरी बदलता येते का हे विचारावे. ‘सोलर’ या शब्दावर जाऊ नये. अनेक काचांत आत लिथियमची बॅटरी असतेच आणि ती सीलबंद असेल तर ती संपल्यावर सारी काच निकामी होते. तिसरे, समोरच्या पारदर्शक संरक्षक पट्ट्या सुट्या मिळतात का? ठिणग्यांनी त्या काही महिन्यांत खरबरीत होतात आणि दिसेनासे झाले की दोष मात्र काचेला दिला जातो.

संवेदक दोन असले तरी रॉडच्या कामाला पुरतात. पाइपच्या आडोशाने ते झाकले जाण्याचा प्रसंग येत असेल तर चार बरे. कमी अँपिअरच्या टिग वेल्डिंगचा विचार असेल तर मात्र स्वस्त काच मधूनच उजळते, तेथे काटकसर करू नये. उघड्या गच्चीवरील उन्हात काच आधीच काळी होऊन बसत असेल तर संवेदनशीलतेचा खटका कमी करावा. आणि हेल्मेट पत्र्याच्या शेडखाली किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नये. पुष्कळ माहितीपत्रकांत ५५ अंश सेल्सिअस ही वापराची वरची मर्यादा दिलेली असते.

चाळिशीचा प्रश्न

आपल्या वाचकवर्गातील बहुतेकांना चाळिशी लागलेली असते आणि हेल्मेटच्या चर्चेत नेमका हाच मुद्दा सुटतो. द्विनाभीय किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचे दिसण्याचा भाग खालच्या बाजूस असतो. हेल्मेटची खिडकी साधारण ९२ × ४२ मिलिमीटरची. तिच्यातून त्या खालच्या भागाने पाहायचे तर मान मागे टाकावी लागते आणि प्रज्योत खिडकीच्या काठावर जाते. मला पहिले दोन महिने रेघ सरळ येईना, तेव्हा दोष मी हाताला देत होतो. काचेच्या आतल्या बाजूस भिंगाची पट्टी बसवायची खाच काही हेल्मेटांत असते. एक ते अडीच डायॉप्टरची पट्टी अल्प किमतीत मिळते. अथवा केवळ जवळच्या नंबरचा साधा चष्मा करून घ्यावा. खरेदीच्या वेळी चष्मा लावूनच हेल्मेट घालून पाहावे. तो नाकावर दाबला जात असेल तर ते हेल्मेट आपले नव्हे.

हेल्मेटच्या पलीकडचे

ग्राइंडरचे काम करताना ‘ग्राइंड’ खटका लावला की काच फिकट राहते. तरी हेल्मेटच्या आत वेगळा सुरक्षा चष्मा असावाच, कारण हेल्मेट वर केल्यानंतर उडणारा कण डोळ्यांत जातो. पोपडा हातोडीने फोडतानाही तोच धोका. धुराला हेल्मेट अडवत नाही. वेल्डिंगच्या धुराचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला आहे. जस्ताचा मुलामा असलेला पाइप जोडल्यास काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. तो मुलामा आधी घासून काढावा आणि काम वाऱ्याच्या दिशेला पाठ किंचित तिरपी ठेवून करावे.

राहिला प्रश्न बघ्यांचा. गच्चीवर निळा लखलखाट दिसला की शेजारची मुले कठड्याशी येऊन उभी राहतात. जंबुपार किरण काही मीटर अंतरावरही डोळ्यांना लागू शकतात आणि मुलांना ते सांगून समजत नाही. मी आता काम सुरू करण्यापूर्वी दोन बाजूंना जुन्या जाड चादरी पाण्यात भिजवून दोरीवर टाकतो, जिन्याच्या दाराला आतून कडी लावतो आणि मगच हेल्मेट डोक्यावर घेतो.