संगीतकाराने स्वतः सांगितलं, म्हणजे पुरावा झाला का?

माझ्या पीएचडीच्या पहिल्या प्रकरणाच्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘शोस्ताकोविचने आपल्या पाचव्या सिम्फनीला रास्त टीकेला दिलेलं उत्तर म्हटलं.’ गाईडनी त्याभोवती लाल गोल केला आणि बाजूला एकच शब्द लिहिला, ‘कुठे?’ त्या एका शब्दाने माझे तीन आठवडे खाल्ले. पण साधनचिकित्सा म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

आधी पार्श्वभूमी बघू. 28 जानेवारी 1936 ला ‘प्रावदा’त एक निनावी लेख आला. त्यात शोस्ताकोविचच्या ऑपेरावर सडकून टीका होती. त्या काळात अशा लेखाचा अर्थ फक्त ‘काम आवडलं नाही’ एवढाच नव्हता. जीवाला घोर लागावा अशीच ती गोष्ट. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तालमी चालू असताना त्याची चौथी सिम्फनी मागे घेतली गेली. ती लोकांनी ऐकली थेट 1961 मध्ये.

मग 21 नोव्हेंबर 1937 ला लेनिनग्राडमध्ये मैफल झाली. कंडक्टर होता येवगेनी म्राविन्स्की आणि रचना होती पाचवी सिम्फनी. काही श्रोते रडले, टाळ्या अर्धा तास थांबल्या नाहीत, असं उपस्थितांनी लिहून ठेवलंय.

आता प्रश्न असा: शेवटचा तो दणदणीत भाग विजयाचा की बळजबरीच्या आनंदाचा?

साधनं एकेक करून तपासू. ‘रास्त टीकेला उत्तर’ हे शब्द मुळात एका पत्रकाराचे. नंतर शोस्ताकोविचच्या नावाने छापलेल्या लेखात त्यांना मान्यता दिली गेली. पण 1938 च्या सुरुवातीला त्याला ‘नाही’ म्हणायची मुभा होती का? उलट बाजूला आहे 1979 मध्ये निघालेलं सोलोमन वोल्कोव्हचं पुस्तक. ते शोस्ताकोविचच्या आठवणी म्हणून प्रसिद्ध झालं आणि त्यात हा आनंद धाकाखालचा आहे, असं येतं. झालं तर मग, प्रश्न सुटला? नाही. 1980 मध्ये लॉरेल फे यांनी दाखवलं की त्यातल्या अनेक प्रकरणांच्या सुरुवातीचा मजकूर शोस्ताकोविचच्या आधीच छापून आलेल्या लेखांशी जवळपास शब्दशः जुळतो. म्हणजे ‘मुलाखतीतून टिपलेल्या आठवणी’ हा दावाच डळमळीत झाला.

बरं, स्वरलिपी तरी खात्रीची असेल! तिथेही गोची आहे. या शेवटाची लय एका छापील आवृत्तीत दुसरीच्या जवळजवळ दुप्पट आहे. जलद वाजवलं तर जल्लोष वाटतो, संथ वाजवलं तर ओझं.

आता दुसरं उदाहरण, दुसरा पियानो कॉन्चेर्तो. शोस्ताकोविचने तो मुलगा मक्सिमसाठी लिहिला आणि 10 मे 1957 ला, मक्सिमच्या एकोणिसाव्या वाढदिवशी, मुलानेच तो पहिल्यांदा वाजवला. एदिसोन देनिसोव्हला लिहिलेल्या पत्रात मात्र या रचनेत कलादृष्ट्या काही दम नाही, असं शोस्ताकोविच सांगतो. खाजगी पत्र आहे, धाक नाही, मग हे तरी खरं मानायचं? पण पुढे त्याने स्वतः पियानोवर बसून हाच कॉन्चेर्तो ध्वनिमुद्रित केला. पत्र एक सांगतं, कृती दुसरं. पत्रात विनय असेल, थट्टा असेल, त्या दिवसाचा कंटाळाही असेल.

यातून मी काय शिकले? साधन ‘प्राथमिक’ आहे एवढ्याने ते खरं ठरत नाही. प्रत्येक वेळी चार गोष्टी विचारा: हे कोणी म्हटलं, कधी, कोणाला उद्देशून, आणि उलट बोलायची किंमत काय होती? उत्तर सापडलं नाही तरी त्या शंकेसकट लिहा.

माझं ते वाक्य आता असं आहे: ‘पाचव्या सिम्फनीला रास्त टीकेचं उत्तर म्हटलं गेलं, शोस्ताकोविचच्या नावाने आलेल्या लेखाने त्याला दुजोरा दिला.’ वाक्य लांबलं आणि त्याचा ठसकाही गेला. पण पुन्हा कोणी ‘कुठे?’ विचारलं, तर आता माझ्याकडे उत्तर आहे.