नभोनाट्यातील ऋतुक्षोभ आणि परग्रहावरील हाक

विज्ञानविषयक नभोनाट्यात दोन प्रसंग वारंवार आढळतात. एक, हवामान अकस्मात आणि अकारण पालटणे. दुसरा, पृथ्वीबाहेरून आलेला संकटसंदेश. समीक्षक या दोहोंचा विचार सामान्यतः वेगवेगळा करतात. पहिल्याला वातावरणनिर्मिती म्हणतात आणि दुसऱ्याला कथावस्तू. ही विभागणी रंगभूमीला लागू पडेल. श्राव्य नाट्याला ती लागू पडत नाही. तेथे वादळ आणि हाक ही दोन्ही एकाच मार्गाने, एकाच खरखरीतून श्रोत्यापर्यंत येतात, आणि त्यांतून हाक वेगळी काढण्याचे काम पात्राबरोबर श्रोत्यालाही करावे लागते.

या प्रकाराचे सुप्रसिद्ध उदाहरण म्हणजे 30 ऑक्टोबर 1938 रोजी अमेरिकेत ऑर्सन वेल्स यांच्या मर्क्युरी थिएटरने सादर केलेले, वेल्स नावाच्याच दुसऱ्या लेखकाच्या, म्हणजे एच. जी. वेल्स यांच्या कादंबरीवरील नाट्य. त्याने किती लोक भयभीत झाले याची चर्चा पुष्कळ झाली असून वृत्तपत्रांनी ती संख्या फुगविली, असे पुढील संशोधकांचे मत आहे. रचनेकडे मात्र त्या मानाने दुर्लक्ष झाले. या नाट्यातील वृत्तनिवेदनांचा आरंभ हवामानवृत्ताने होतो. त्यात कारण न कळलेल्या एका वातावरणीय क्षोभाचा उल्लेख सहज येऊन जातो. उत्तरार्धात एक बिनतारी चालक कोणी ऐकत आहे काय असे पुनःपुन्हा विचारतो आणि त्याला उत्तर मिळत नाही. हवामानवृत्तापासून निरुत्तर हाकेपर्यंतचा हा प्रवास त्या संहितेचा कणा होय. येथे हाक मारणारा परग्रहवासी नसून माणूस आहे, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

या खरखरीला भौतिक आधार आहे. वीज चमकते तेव्हा तिच्यापासून रेडिओलहरीही निघतात आणि मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात त्या कडकडाटासारख्या उमटतात. दिवसा आयनांबराचा खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरळ होतो, वरच्या थरांवरून लहरी परावर्तित होतात आणि दूरची केंद्रे, कधी स्पष्ट तर कधी क्षीण, ऐकू येऊ लागतात. बालाघाटच्या पठारावरील अहमदपूरसारख्या गावी मध्यम लहरींच्या काळात वैशाखातल्या संध्याकाळी रेडिओ लावणाऱ्यास हे शास्त्र शिकवावे लागत नसे. वळवाचे ढग अजून क्षितिजापलीकडे असत, आणि रेडिओ त्यांची वर्दी आधीच देई. अशा घरी वादळाचे नाटक लागले असता कोणता कडकडाट संहितेतला आणि कोणता आभाळातला, हे सांगणे कठीणच. नाटककाराला हे साहाय्य फुकट मिळत होते. आज ध्वनिमुद्रित नाट्य भ्रमणध्वनीवर ऐकणाऱ्या तरुणाला तीच खरखर ध्वनिफितीतील दोष वाटण्याचा संभव आहे. एकेकाळी जी भाषा होती ती आता पाठ्यवस्तू झाली आहे, आणि नव्या संहितालेखकापुढील खरी अडचण हीच आहे.

हवामानाच्या बाबतीत दुसरीही एक अडचण आहे. गारपीट ऐकू येते. फेब्रुवारी-मार्च 2014 मध्ये लातूरसह मराठवाड्यात झालेली गारपीट ज्यांनी पत्र्याच्या छपराखाली अनुभवली, त्यांना एका ध्वनीने सारा प्रसंग आठवेल. हिमवर्षावाला मात्र आवाज नसतो. जयंत नारळीकर यांच्या ‘हिमप्रलय’ या कथेत मुंबईत बर्फ पडते. वाचकाला ते एका वाक्यात दाखविता येते. तिचे श्राव्य रूपांतर करावयाचे झाल्यास बर्फ ऐकवायचे कसे? नेहमीचे ध्वनी काढून घेणे, हा एक मार्ग दिसतो. कावळे नाहीत, लोकल नाही, फेरीवाला नाही. मराठवाड्यात हाच परिणाम साधावयाचा असेल तर मृग लागूनही पावशाची ‘पेरते व्हा’ ऐकू येऊ नये. ऋतू चुकल्याची खूण शेतकऱ्याच्या कानाला यापेक्षा अधिक स्पष्ट देता येणार नाही. वाऱ्याचे यांत्रिक घोंघावणे सतत वाजविणारे दिग्दर्शक हा मार्ग क्वचितच चोखाळतात.

आता हाकेकडे वळू. परग्रहावरील जीव आल्याआल्या प्रमाण मराठीत बोलू लागला की नाट्य संपते. संकट ओळखण्यास शब्दार्थाची गरज नसते. 1906 च्या बर्लिन परिषदेत ठरलेला ‘एसओएस’ हा संकेत अर्थासाठी नव्हे, तर त्याच्या तालासाठी निवडला गेला: तीन लघू, तीन दीर्घ, तीन लघू, मध्ये खंड नाही. पुढे जहाजांच्या बिनतारी केंद्रांना दर तासाला दोन वेळा तीन-तीन मिनिटे संकटलहरीवर मौन पाळून केवळ ऐकत राहण्याचा नियम होता. नभोनाट्याच्या लेखकाला यापेक्षा चांगला रंगप्रसंग कोण देणार?

नारळीकरांचे केंब्रिज येथील मार्गदर्शक फ्रेड हॉईल यांनी 1957 च्या ‘द ब्लॅक क्लाउड’ या कादंबरीत हवामान आणि संदेश यांची गाठ फार चातुर्याने घातली आहे. सूर्याजवळ आलेल्या वायुमेघामुळे पृथ्वीवर आधी उष्मा, मग शीत येते. ठराविक तरंगलांबीवर प्रक्षेपण सुरू केले की वरच्या वातावरणातील आयनीभवन वाढते, असे शास्त्रज्ञांस आढळते. आणि हा योगायोग नव्हे हे उमगताच मेघ सजीव ठरतो. ज्याला व्यत्यय मानले तेच उत्तर होते.

या कल्पनेच्या जवळ जाणारा एक खरा प्रसंग महाराष्ट्रातच घडला. नारायणगावजवळील खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. 19 ऑक्टोबर 2016 रोजी युरोपीय अवकाश संस्थेचे ‘स्कियापारेल्ली’ हे यान मंगळावर उतरत असता त्याची अतिक्षीण वाहक लहर या दुर्बिणीने टिपली. ती लहर पृथ्वीवर येण्यास सुमारे पावणेदहा मिनिटे लागत होती. म्हणजे खोडदला जे ऐकू येत होते ते घडून गेलेले होते. तिच्यात शब्द नव्हते, कंप्रता तेवढी बदलत होती. त्यावरून यानाचा वेग ताडता येई. अपेक्षित अवतरणाच्या थोडे आधी ती लहर थांबली. यानावर मंगळाचे हवामान मोजणारा उपकरणसंच होता, आणि तेथील धूळवादळांच्या ऋतूतच ते उतरत होते. ऐकणाऱ्यांचे पहिले अनुमान कोणते झाले असते, हे नाटककाराला सांगावयास नको.

चौकशीत वादळ निर्दोष ठरले. परिभ्रमण मोजणारे उपकरण क्षणभर आपल्या मर्यादेबाहेर गेले, आणि त्यावरून केलेल्या गणितात यानाची उंची ऋण आली. हवाईछत्री वेळेआधी सुटली, रोधक प्रणोदक जेमतेम पेटून बंद झाले, आणि भूपृष्ठावर वापरावयाची यंत्रणा चालू झाली. प्रत्यक्षात यान सुमारे 3.7 किलोमीटर उंचीवर होते. संकटसंदेश त्याने पाठविलाच नाही, कारण त्याच्या हिशेबी ते सुखरूप उतरले होते.